फुल टॉवर कॅबिनेटचा खोका : आधी मोजणी, मग जुळणी

संगणकाच्या कॅबिनेटला आपल्याकडे नुसता डबा समजण्याची पद्धत आहे. गिऱ्हाईक प्रोसेसर कोणता, मेमरी किती, हार्ड डिस्क किती हे दहा वेळा विचारते आणि कॅबिनेटच्या बाबतीत 'त्यातल्या त्यात बरे लावा' एवढे सांगून मोकळे होते. दुकानदारही मग तसेच करतो. लहान कॅबिनेटमध्ये हे खपून जाते. पण फुल टॉवर म्हणतात त्या मोठ्या कॅबिनेटची ऑर्डर आली की हा निष्काळजीपणा महागात पडतो. तिथे डब्याचीच किंमत चार आकड्यांत मावत नाही, आणि त्या डब्यासोबत येणाऱ्या सुट्या सामानात एक पिशवी कमी निघाली तर तिचा भुर्दंड कोणी सोसायचा हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक वेळा तो जुळणी करणारा दुकानदारच सोसतो.

आमच्या वाचकांपैकी काहीजण संगणक जुळवून विकतात. काहीजण पत्र्याचे, लेथचे किंवा वेल्डिंगचे काम करतात. आजचा लेख दोघांच्याही कामाचा आहे, म्हणून दोघांनीही तो शेवटपर्यंत वाचावा.

फुल टॉवर घेतो कोण? लग्नाच्या शूटिंगचे संकलन करणारे, नकाशे काढणारी कार्यालये, छापखाने, ज्यांना वर्षानुवर्षांचे काम स्वतःजवळ साठवून ठेवायचे असते असे लोक. त्यांना एकदोन नव्हे, सहा-आठ हार्ड डिस्क लागतात. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराकडे असेच एक गिऱ्हाईक आले. शूटिंगचा धंदा, आठ हार्ड डिस्क बसल्या पाहिजेत ही अट. त्यांच्यासाठी मागवले होते स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइन या कंपनीचे डिफाइन ७ एक्सएल. हे मॉडेल २०२० साली बाजारात आले. लांबी ६०४, रुंदी २४० आणि उंची ५६६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन फूट लांब आणि जवळपास तेवढेच उंच धूड. रिकामे असतानाच वजन सोळा किलोच्या वर. खोका उघडायच्या वेळी आम्ही तिथे हजर होतो, म्हणून उदाहरणासाठी तेच घेतो. सांगितलेल्या बहुतेक गोष्टी इतर कंपन्यांच्या फुल टॉवरलाही लागू पडतात.

खोक्याला कात्री लावण्यापूर्वी चारही बाजू पाहाव्यात. कोपरा दबलेला असेल, पट्टी फाटून दुसरी लावलेली असेल तर माल आणणाऱ्याच्या समोरच फोटो काढावा आणि पोचपावतीवर तसे लिहावे. 'बघू नंतर' म्हणून सही केली की वाहतूकवाला मोकळा झाला असे समजा. बाहेरच्या छापील चिठ्ठीवर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावाच लागतो. वेष्टित मालासाठीच्या २०११ च्या वजनमाप नियमांनुसार हे बंधन आहे. ही चिठ्ठी नसलेला माल काही ठिकाणी हजारभर रुपये स्वस्त मिळतो. बिलही नसते. मग १८ टक्के जीएसटीची वजावट बुडते, हमीही मिळत नाही. हा स्वस्ताईचा हिशोब आम्हाला कधीच पटलेला नाही.

आता उघडण्याची रीत. सोळा किलोचा माल वरून उपसून काढायला जाऊ नये. थर्माकोल तुटतो आणि पाठही धरते. खोका वरच्या बाजूने उघडून झाकणाचे चारही पंख बाहेर मुडपावेत, दोघांनी मिळून तो उलटा करावा आणि कॅबिनेट जागेवर ठेवून खोकाच वर ओढून घ्यावा. खाली सतरंजी किंवा जाड पुठ्ठा हवा. ज्या मॉडेलच्या बाजूला काच असते त्यात तर हे फारच महत्त्वाचे. ही काच तापवून कडक केलेली असते. मधोमध थाप मारली तरी ती सहन करते, पण कडेला फरशीचा जरासा टोला लागला की सगळीचा चुरा होतो. फरशीवर काच उभी टेकवून ठेवणे म्हणजे नुकसान हात करून बोलावणे. शूटिंगवाल्यांनी बिनकाचेचे, दोन्ही बाजूंना पत्रा असलेले मॉडेल निवडले होते. आमच्या मते आठ हार्ड डिस्कच्या संगणकाला तेच योग्य. काचेतून बघण्यासारखे आत काही नसते.

त्या दुकानाच्या शेजारी पेट्या आणि कपाटे बनवणारे एक वयस्कर कारागीर बसतात. त्यांना मुद्दाम बोलावण्यात आले होते. त्यांनी बाजूचा पत्रा काढून दोन बोटांत धरला, कडेवरून अंगठा फिरवला आणि दुकानदाराला म्हणाले, "बेटा, कड दुमडलेली आहे. हात कापणार नाही. हे काम घाईचं नाही."

"आणि जाडी, चाचा?"

"जाडी कॅलिपरने बघ. अंगठ्याला विचारशील तर तो उगाच कौतुक करील."

चाचांचे म्हणणे खरे आहे. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे २५ गेजच्या आसपास असतो. मध्यभागी बोटाने दाबला की 'टपक' असा आवाज होऊन आत जातो. चांगल्या टॉवरचा सांगाडा साधारण ०.८ ते १ मिलिमीटरचा, म्हणजे १९ ते २१ गेजचा असतो. आठ हार्ड डिस्क एकाच वेळी फिरू लागल्या की पातळ पत्रा घुमायला लागतो. गिऱ्हाईक मग आवाजाची तक्रार घेऊन येते, आणि दुकानदार बिचारा पंखे बदलत बसतो. पत्रा दुमडलेला आहे की नुसता कापलेला, रिव्हेट सरळ बसलेत की तिरके, चार पाय एकाच पातळीत टेकतात की एक पाय डुगडुगतो, एवढे पाहायला पाच मिनिटे पुरतात. डुगडुगणारा टॉवर आत मदरबोर्ड बसवल्यानंतर परत करणे फार जिवावर येते.

यानंतर सामानाचा छोटा खोका. तो बहुधा कॅबिनेटच्या पोटात, हार्ड डिस्कच्या जागी अडकवलेला असतो. नवशिक्या मुलांना तो सापडत नाही आणि 'स्क्रूच आले नाहीत' म्हणून फोन जातो. काही कंपन्या स्क्रू प्रकारानुसार वेगळे ठेवतात, काही सगळे एकाच पिशवीत कोंबतात. कसेही असो, माहितीपुस्तिकेत प्रत्येक वस्तूचे चित्र आणि नग दिलेले असतात. ती यादी समोर ठेवून गिऱ्हाइकाच्या देखत मोजणी करावी आणि यादीवरच दोघांनी सही करावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. गिऱ्हाईक बाहेरगावचे असेल तर मोबाईलवर चित्रीकरण करावे. खोक्यावरच्या चिठ्ठीपासून सुरुवात करून मध्ये न थांबता. पुढे महिन्याने 'माझे दोन ट्रे तुमच्याकडेच राहिले' असे कोणी म्हणाले तर तोंडी शपथा घेत बसावे लागत नाही.

स्क्रूंबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण खरे नुकसान इथेच होते. संगणकात मुख्यतः दोन जातींचे स्क्रू येतात. एक इंचाच्या मापाचा, ज्याला ६-३२ म्हणतात : जाडी साधारण साडेतीन मिलिमीटर आणि इंचाला ३२ आटे. दुसरा एम ३ : जाडी ३ मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर अर्धा मिलिमीटर, म्हणजे इंचाला सुमारे ५१ आटे. एसएमपीएस आणि मोठ्या, साडेतीन इंची हार्ड डिस्कला ६-३२ लागतो. अडीच इंची एसएसडीला एम ३. दिसायला दोन्ही भावाभावांसारखे. घाईत जाड स्क्रू एसएसडीत पिळला तर आटे जातात आणि उलट बारीक स्क्रू हार्ड डिस्कमध्ये घातला तर तो नुसता फिरत राहतो, धरत नाही. आटे गेलेल्या वस्तूला कंपनी हमी देत नाही. लेथवर काम करणाऱ्या आमच्या वाचकांना हे हसण्यासारखे वाटेल, पण संगणकाच्या दुकानात आटे मोजायची पट्टी क्वचितच असते. सोपा उपाय असा की प्रत्येक स्क्रू आधी बोटांनी दोन फेरे फिरवून पाहावा. सहज गेला तर जात बरोबर. पेचकसाचा जोर लावावा लागला तर थांबावे.

मदरबोर्डला टेकू देणारे पितळी खांब, ज्यांना स्टँडऑफ म्हणतात, ते तर जोखमीचे काम. एटीएक्स मापाचा मदरबोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो आणि त्याला सहसा नऊ भोके असतात. कॅबिनेटमध्ये खांब बहुधा त्याच मापाने आधीच बसवलेले येतात. बोर्ड लहान किंवा मोठा असेल तर काही खांब काढून दुसरीकडे लावायचे असतात. हे न करता बोर्ड ठेवला तर जिथे भोक नाही तिथे पितळ बोर्डाच्या पाठीला टेकते आणि बटण दाबताच शॉर्ट होतो. नशीब बरे असेल तर संगणक नुसता सुरू होत नाही. नसेल तर बोर्ड जळतो. अशा एका बोर्डाची भरपाई करायला लहान दुकानदाराला दहा संगणकांचा नफा घालावा लागतो. म्हणून बोर्ड आत सोडण्यापूर्वी खांब मोजावेत आणि बोर्डाची भोके मोजावीत. आकडा जुळला की जागाही जुळवून पाहाव्यात.

काही वस्तू कॅबिनेटच्या खोक्यात नसतात, पण गिऱ्हाईक त्या तिथेच मागते. बोर्डाच्या मागच्या जोडण्यांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी बोर्डासोबत येते, आणि बऱ्याच नव्या बोर्डांवर ती कायमचीच बसवलेली असते. वीजतारा एसएमपीएसच्या खोक्यात असतात. बिघाड झाल्यावर 'बीप' असा आवाज देणारे बारके स्पीकर पूर्वी कॅबिनेटबरोबर यायचे. आता अनेकदा येत नाहीत. ते काही रुपयांत मिळते. दुकानात दहा-वीस ठेवावेत, बिघाड शोधताना फार उपयोगी पडते.

आता त्या शूटिंगवाल्यांच्या आठ हार्ड डिस्ककडे येऊ. डिफाइन ७ एक्सएलच्या जाहिरातीत अठरा हार्ड डिस्कची सोय असा आकडा असतो. आकडा खरा आहे. मात्र कंपनीच्याच माहितीपत्रकानुसार सोबत ट्रे येतात सहा. बाकीचे वेगळे विकत घ्यायचे. शिवाय दोन जादा पट्ट्या येतात, ज्या पंख्याच्या जागी लावून त्यांवर एकेक डिस्क बसवता येते. सहा आणि दोन, झाले आठ. आमच्या दुकानदार मित्राने हे पुस्तिका वाचून आधीच ताडले होते, म्हणून भाव देताना घोटाळा झाला नाही. हेच गिऱ्हाईक बारा डिस्क मागते तर? ट्रेच्या जोड्या मागवाव्या लागल्या असत्या, त्यांचे पैसे वेगळे, आणि त्या यायला लागणारे दिवस वेगळे. अठराचा आकडा ऐकून ज्याने ठोक भाव कबूल केला, त्याला ही रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागते. 'किती बसतात' आणि 'किती बसवण्याचे सामान सोबत आहे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पंख्यांचेही तसेच. या मॉडेलमध्ये १४० मिलिमीटरचे तीन पंखे बसवलेले येतात आणि नऊ पंखे जोडण्याची पाटीही असते; पण उरलेले सहा पंखे आपणच घ्यायचे.

इथे पत्राकाम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ट्रे म्हणजे काही चंद्रावरची वस्तू नव्हे. साडेतीन इंची हार्ड डिस्कची रुंदी १०१.६ मिलिमीटर, लांबी सुमारे १४७ आणि जाडी सुमारे २६ मिलिमीटर. खालच्या भोकांचे रुंदीतले अंतर ९५.२५ मिलिमीटर असते. लांबीत जुन्या डिस्कला ४४.४५ आणि मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच नव्या डिस्कला ७६.२ मिलिमीटर. ट्रेला दोन्ही मापांची भोके पाडली की झाले. चाचांनी आलेला ट्रे हातात घेऊन उलटसुलट पाहिला. कॅबिनेटला अडकण्याचे खाचे त्यांना पाहताक्षणी समजले. रबराच्या चकत्यांशी मात्र ते थोडे थबकले. त्या चकत्या डिस्कची थरथर पत्र्यात उतरू देत नाहीत, त्यांच्याशिवाय ट्रे अपुरा. त्यांच्यासाठीचे स्क्रूही वेगळे असतात, मानेशी आटे नसलेले. ते घट्ट पिळले तरी रबर चेपत नाही. जुन्या मॉडेलचे ट्रे कंपन्या काही वर्षांनी बनवायचे थांबवतात आणि कॅबिनेट मात्र पंधरा वर्षे टिकते. अशा गिऱ्हाइकांना ट्रे, झाकणपट्ट्या, खाली चाकांची गाडी करून देणारा कारागीर जवळपास मिळत नाही. चाकांची गाडी तर खरोखर लागते. आठ डिस्कचेच वजन साडेपाच किलोच्या घरात जाते. एसएमपीएस, बोर्ड वगैरे धरून सगळे पंचवीस किलोच्या पुढे. झाडू मारायला तो टॉवर रोज उचलणार कोण? काम लहान आहे, पण दर चोख लागतो आणि उधारी कमी.

सोबत वरची दोन झाकणेही येतात : एक बंद, आवाज दाबणारे आणि दुसरे जाळीचे, धुळीच्या गाळणीसह. थंड देशातले लोक बंद झाकण पसंत करतात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात जाळीचेच लावावे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांत मात्र हवेतला कापसाचा तंतू गाळणीवर आठवड्यात गादी धरतो. गाळणी काढून पाण्याखाली धुऊन, सुकवून परत लावायची हे गिऱ्हाइकाला हाताने करून दाखवावे. नुसते सांगितलेले कोणी लक्षात ठेवत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नव्वदच्या दशकात ज्यांनी टॉवर जुळवले, त्यांना तेव्हाच्या सामानाची पिशवी आठवत असेल. कीबोर्डला कुलूप लावायच्या दोन किल्ल्या, टर्बोचे बटण, वेग दाखवणारे लाल आकडे. आणि पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची तार! एटी जातीच्या त्या कॅबिनेटमध्ये चालू-बंदचे बटण घरच्या दिव्याच्या बटणासारखेच होते, तार उघडी राहिली की झटका ठरलेला. १९९५ साली इंटेलने एटीएक्स मांडणी आणली आणि हळूहळू ते बटण केवळ बोर्डाला इशारा देणारे झाले. आज त्या बारीक तारा उलट लागल्या तर फार तर दिवा पेटत नाही.

झटक्याचा एक प्रकार मात्र अजून आहे. टॉवरला हात लावला की मुंग्या आल्यासारखे वाटते अशी तक्रार पावसाळ्यात हमखास येते. कॅबिनेटचा किंवा एसएमपीएसचा त्यात बहुधा दोष नसतो. एसएमपीएसच्या आतल्या गाळणीतून थोडीशी वीज धातूच्या अंगावर येते आणि ती जमिनीत उतरायला अर्थिंग लागते. प्लगच्या तिसऱ्या भोकात तारच नसेल तर ती माणसाच्या हातातून वाट काढते. एवढा मोठा लोखंडी टॉवर देताना गिऱ्हाइकाच्या घरचे अर्थिंग टेस्टरने तपासून यावे. नसेल तर आधी वायरमन, मग संगणक, असे स्पष्ट सांगावे. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

राहिला रिकामा खोका. दुकानात जागा नाही म्हणून तो भंगारात जातो आणि इथे पुन्हा एक खर्च वाढतो. कुरिअरवाले मोठ्या, हलक्या मालाचे पैसे आकारमानावर घेतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. समजा खोका ७० × ३५ × ६८ सेंटिमीटरचा आहे, तर हिशोब ३३ किलोचा होतो. प्रत्यक्ष वजन वीस किलो असले तरी. मिरजेच्या किंवा महाडच्या दुकानदाराने मुंबईहून एक टॉवर मागवला आणि तो परत पाठवायची वेळ आली, तर येण्याजाण्यातच नफा संपतो. त्यात मूळ खोका आणि थर्माकोल नसेल तर घेणारा माल परत घेत नाही. म्हणून हमीचे पहिले काही महिने तरी खोका चपटा करून गिऱ्हाइकाच्या माळ्यावर ठेवायला सांगावे. थर्माकोलचे दोन्ही ठोकळे त्याच्याच पोटात घालावेत, आणि उरलेले स्क्रू, खांब, दुसरे झाकण व सह्या केलेली यादीही तिथेच. आमच्या दुकानदार मित्राने उरलेल्या स्क्रूंची पिशवी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावून दिली. पाच वर्षांनी डिस्क बदलायला जो कोणी तो टॉवर उघडेल, त्याला बाजारभर ६-३२ चा स्क्रू शोधत फिरावे लागणार नाही.